टोळी निघण्याआधीचे आठ आठवडे: सहा वर्षांच्या मुलीच्या किडक्या दातांचे एक प्रकरण

बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. या घरांतल्या मुलांचे दात किडलेले असणे नवे नाही. अवघड भाग हा की ज्या मुलावर उपचार सुरू केले ते पुढचे सहा महिने कुठे असेल, हे त्याच्या आईबापालाही नीट सांगता येत नाही. पुढे मांडलेले प्रकरण कोणा एका मुलीचे नाही. या भागात वरचेवर दिसणारी परिस्थिती एका रुग्णाच्या रूपात मांडली आहे. ठिकाण उपजिल्हा रुग्णालयाचा दंत विभाग: एक खुर्ची, एक दंतशल्यचिकित्सक, एक मदतनीस, लहान एक्स-रे यंत्र.

रुग्ण आणि तक्रार

मुलगी सहा वर्षे दोन महिन्यांची, वजन १७ किलो, इयत्ता पहिली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या शाळा तपासणीत पथकाने दात पाहून चिठ्ठी दिली होती. पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात, बाजाराच्या दिवशी, आजी तिला घेऊन आली. तक्रार एकच: उजवीकडे खालच्या हिरडीवर फोड येतो, फुटतो, पुन्हा येतो. रात्री जागवणारा ठणका दोन महिन्यांपूर्वी होता, आता नाही. तेव्हा गावातल्या मेडिकलमधून दोनदा गोळ्या आणल्या, एकदा दाढेवर लवंगेचे तेल आणि एकदा तंबाखूची चिमूट ठेवली. ठणका थांबला म्हणजे दाढ बरी झाली, असा घरच्यांचा समज. प्रत्यक्षात आतली नस मेली म्हणून ठणका थांबला होता.

आजीचे दुसरे म्हणणे नेहमीचेच. ‘दुधाचेच दात, पडतेतच की. मग कशाला एवढं?’ याचे उत्तर टाळून पुढे गेले तर पुढची एकही भेट होत नाही. दुधाची मागची दाढ दहा-बारा वर्षांच्या वयापर्यंत तोंडात असते. सहाव्या वर्षी तिला गळू झाले तर ती निघेपर्यंत आणखी चार-पाच वर्षे काढायची असतात. शिवाय तिच्या मुळांच्या बेचक्यात खाली कायमचा दात तयार होत असतो. आजीला हे हाताच्या बोटांवर वर्षे मोजून सांगितले, तेव्हा ती खुर्चीजवळ येऊन बसली.

तोंडात काय दिसले

दातांचे क्रमांक दोन आकडी असतात. दुधाच्या दातांत पहिला आकडा ५ म्हणजे वर उजवीकडे, ६ वर डावीकडे, ७ खाली डावीकडे, ८ खाली उजवीकडे. दुसरा आकडा मधल्या रेषेपासून कितवा दात हे सांगतो. कायमच्या दातांत पहिला आकडा १ ते ४.

आधी ब्रशने दात साफ केले. पांढऱ्या थराखाली कीड दिसत नाही, आणि हीच पायरी शिबिरांत सर्वाधिक गाळली जाते. मग हवेने पाच सेकंद वाळवून पाहिले. अणकुचीदार प्रोब (तपासणीची सळई) खाचेत रुतवायचा नाही, कारण सुरुवातीच्या किडीचा नाजूक पृष्ठभाग त्याने फुटतो. गोल टोकाचा प्रोब हलका फिरवून खडबडीत की गुळगुळीत, मऊ की कडक एवढेच पाहिले.

८४ मध्ये मोठा खड्डा, हिरडीवर गळवाचे तोंड, दाढ किंचित हलणारी. एक्स-रेमध्ये मुळांच्या बेचक्यात हाड विरघळलेले. ७५ आणि ८५ मध्ये पुढच्या बाजूने दातांच्या फटीतून सुरू झालेली, वरचा काठ तोडून आत गेलेली कीड; पण रात्रीचा ठणका नाही, सूज नाही, आणि एक्स-रेमध्ये कीड व नस यांच्यामध्ये शाबूत दंतिनाची (बाहेरच्या कडक आवरणाखालच्या थराची) स्पष्ट पट्टी. ५४ आणि ६४ मध्ये मागच्या बाजूला फटीतली कीड. ५५, ६५ आणि ७४ मध्ये चावण्याच्या खाचांत लहान खड्डे. वरचे पुढचे चार दात, ५२ ते ६२, हिरडीलगत तपकिरी, मऊ, निस्तेज. खाली ३६ आणि ४६ या कायमच्या पहिल्या दाढा अर्ध्या बाहेर आलेल्या, मागचा अर्धा भाग अजून हिरडीखाली, आणि खाचांत ओल्यावरही दिसणारी पांढरट झाक. वरच्या कायमच्या दाढा अजून उगवायच्या होत्या.

या सगळ्यात सर्वात मौल्यवान दात ३६ आणि ४६. घरच्यांचे लक्ष त्यांच्याकडे नव्हतेच, कारण दुधाचा दात न पडता मागे नवी दाढ येते हे बहुतेकांना माहीत नसते. तीही दुधाचीच समजली जाते. ही दाढ पूर्ण वर यायला वर्षभराच्या आसपास लागते. तोवर समोरच्या दाढेशी तिचा चावा जुळत नाही, ब्रश तिथवर पोचत नाही, थर साचून राहतो. कायमच्या दातांची पहिली कीड बहुधा याच काळात आणि याच खाचांत सुरू होते.

पाण्याचा प्रश्न

मराठवाड्यात दात तपासताना बोअरच्या पाण्याची चौकशी करावीच लागते. या घराचे पिण्याचे पाणी बोअरचे. नमुना तपासला तर फ्लोराइड लिटरला १.६ मिलिग्रॅम. भारतीय मानकाप्रमाणे इष्ट मर्यादा १.० आणि दुसरा स्रोत नसल्यास चालणारी कमाल मर्यादा १.५. म्हणजे पाण्यात फ्लोराइड जास्त, तरीही तोंडभर कीड. हे परस्परविरोधी वाटते, पण नाही. साखरेचा मारा सततचा असेल तर पाण्यातले फ्लोराइड एकटे पुरे पडत नाही.

इथे दोन गोष्टी वेगळ्या ओळखाव्या लागतात. फ्लोरोसिसचे पांढरे पट्टे दाताला आडवे, दोन्ही बाजूंच्या जोडीदातांवर सारखे, आणि सौम्य असताना चकाकणारे असतात. किडीचा पांढरा डाग हिरडीलगत किंवा खाचेत, थराखाली, खडूसारखा निस्तेज असतो. ३६ च्या उंचवट्यांवर पहिल्या प्रकारचे पट्टे होते आणि खाचांत दुसऱ्या प्रकारची झाक. एकाच दाढेवर दोन्ही.

मग फ्लोराइडची पेस्ट द्यायची की नाही? द्यायची. पेस्टचे काम दाताच्या पृष्ठभागावर चालते. धोका आहे तो गिळण्याचा. कायमच्या पुढच्या दातांचे इनॅमल, म्हणजे बाहेरचे कडक आवरण, या वयापर्यंत जवळजवळ तयार झालेले असते, त्यामुळे दिसणाऱ्या दातांवर नवे पट्टे उमटण्याचा काळ मागे पडला आहे. हजार पीपीएमची (किलोमागे हजार मिलिग्रॅम फ्लोराइड असलेली) पेस्ट वाटाण्याएवढी, म्हणजे साधारण पाव ग्रॅम, घेतली तर त्यात ०.२५ मिलिग्रॅम फ्लोराइड असते. या पाण्याचे एक लिटर प्यायल्यावर त्याच्या सहापटीहून जास्त पोटात जाते. तेव्हा पाणी बदला, पेस्ट नको बदलू. पिण्यासाठी गावच्या आरओचा जार वापरायला सांगितले. फ्लोराइडच्या गोळ्या किंवा थेंब अशा ठिकाणी कधीच द्यायचे नाहीत.

दिवसभर काय खाते

आजीला ‘गोड खाते का’ विचारले की उत्तर ‘न्हाई’ येते. चहा, खारी, टोस्ट यांना कोणी गोड धरत नाही. म्हणून उठल्यापासून झोपेपर्यंत तोंडात काय काय गेले ते क्रमाने विचारले: सकाळी गोड चहा आणि टोस्ट, शाळेला जाताना पाच रुपयांचा बिस्किटपुडा, मधल्या सुट्टीत गोळ्या, घरी आल्यावर पुन्हा चहा, संध्याकाळी दुकानातली पेप्सीची नळी, टीव्हीपुढे उरलेली बिस्किटे, झोपताना साखर घातलेले दूध. एकूण सात वेळा.

साखर किती यापेक्षा किती वेळा, हा आकडा इथे महत्त्वाचा. साखर तोंडात गेली की काही मिनिटांत थरातले जंतू आम्ल बनवतात आणि आम्लता ५.५ पीएचच्या खाली उतरते. त्या पातळीखाली इनॅमलमधले कॅल्शियम आणि फॉस्फेट बाहेर पडू लागतात. लाळेला हे सावरायला अर्ध्या तासाच्या आसपास वेळ लागतो. जेवणाला जोडून चार वेळा खाल्ले तर दात सावरतो. सुटे सुटे सात वेळा खाल्ले तर त्याला उसंतच मिळत नाही. झोपेत लाळ कमी होते, म्हणून शेवटचे गोड दूध सगळ्यांत वाईट.

आजी स्वतः मिश्री लावते आणि मुलगी बाजूला बसून तिचे बघून बोट फिरवते. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. तिने कीड थांबत नाही, व्यसन लागते आणि तोंडाच्या कर्करोगाची वाट मोकळी होते. आजीला न रागावता एवढेच सांगितले की लेकराच्या हाताला ती डबी लागू द्यायची नाही.

क्रम कसा ठरवला

मुलगी तेव्हा गावात आजीजवळ राहणार की आईबापाबरोबर जाणार, हे ठरलेले नव्हते. जिल्हा परिषदेच्या हंगामी वसतिगृहाचा पर्यायही घरात चर्चेत होता. नियोजन मात्र ती जाणारच असे धरून केले. हातात आठ आठवडे, त्यात सोयाबीनच्या काढणीचे दिवस. आजी फक्त बाजारच्या दिवशी येऊ शकते.

ज्या खुर्चीत रुग्ण दर सहा महिन्यांनी नक्की परत येतो, तिथे सर्वात खोल खड्ड्यापासून सुरू करून एकेक दात भरत जाणे चालते. इथे प्रश्न वेगळा विचारला: कोणती गोष्ट सहा महिने कोणीही न पाहता तोंडात ठेवता येणार नाही? गळू ठेवता येणार नाही, म्हणून ८४ आधी काढायची. खोल गेलेल्या ७५ आणि ८५ ठेवता येणार नाहीत, म्हणून त्या पूर्ण झाकायच्या. ३६ आणि ४६ च्या खाचा उघड्या ठेवता येणार नाहीत. बाकीचे थांबवून ठेवता येते. पुढच्या चार दातांना एकेक सिमेंट भरत बसण्यात अर्थ नव्हता. ते वर्ष-दीड वर्षात पडणारच आहेत.

पहिल्याच दिवशी ८४ काढायचा मोह होतो. काढली नाही. ताप नव्हता, गालावर सूज नव्हती, गळू आपोआप वाहत होते, त्यामुळे दोन आठवड्यांनी बिघडण्यासारखे नव्हते. पहिली भेट सुईने सुरू झाली असती तर दुसरी भेट रडण्याने संपली असती. मात्र दाढ शेवटच्या भेटीवरही ढकलायची नव्हती. ऊसतोडीच्या घरांत शेवटची ठरलेली भेट बहुधा होतच नाही. मुकादमाचा फोन आला की ट्रॅक्टर निघतो. अँटिबायोटिकही दिले नाही, कारण अशा वाहत्या स्थानिक गळवावर गोळी काम करत नाही, दाढ निघाली की ते बसते.

पहिली भेट: चांदीचे औषध

सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड, ३८ टक्के. जपानमध्ये दशकांपासून वापरात असलेले हे औषध जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. फ्लोराइड पेस्ट आणि ग्लास आयोनोमर सिमेंटही (दाताला चिकटणारे, खड्डे भरायचे सिमेंट) त्याच वर्षी तिथे आले. चांदी जंतू मारते, फ्लोराइड मऊ दंतिन पुन्हा कडक करायला मदत करते. त्यात साधारण ४४,८०० पीपीएम फ्लोराइड असते. एका थेंबात, म्हणजे सुमारे २५ मायक्रोलिटरमध्ये, एक मिलिग्रॅमच्या थोडे वर. दहा किलो वजनामागे एक थेंब ही वरची मर्यादा, आणि एका थेंबात साधारण पाच दात होतात. १७ किलोच्या मुलीला एका भेटीत एकच थेंब. म्हणून पहिल्या दिवशी ५२, ५१, ६१, ६२ आणि ६४. ५४ व ७४ पुढच्या वेळी.

आधी संमती. कीड थांबली की डाग काळा कुळकुळीत होतो आणि तसाच राहतो. पुढच्या दातांवर हे लावायचे तर कोऱ्या कागदावर अंगठा घेऊन चालत नाही. लावण्याआधीचे आणि नंतरचे फोटो मोबाइलवर दाखवले. आजीची पहिली प्रतिक्रिया अपेक्षित होती: पोरीची जात, दात काळे दिसले तर लोक काय म्हणतील. तिला दोन वाटा सांगितल्या. एक, काळे पण कडक दात, पडेपर्यंत न दुखणारे. दुसरी, पांढरे सिमेंट, ज्यासाठी आणखी दोन-तीन भेटी लागतील आणि जे या मऊ पायावर टिकण्याची खात्री नाही. आईला फोन लावून तिचीही संमती घेतली. निर्णय घरच्यांनी घ्यायचा असतो आणि तो घ्यायला वेळ द्यावा लागतो. नाही म्हणाले असते तर पुढच्या दातांवर सिमेंट आणि मागच्या दाढांवर औषध, हा मधला मार्ग खुला होता.

चांदीची ॲलर्जी, तोंडातले फोड किंवा सोललेली हिरडी, नसेपर्यंत गेलेली कीड: यांपैकी काही असेल तर त्या ठिकाणी औषध लावत नाहीत. म्हणूनच ८४ ला ते लावले नाही.

ओठांना आणि हिरडीला व्हॅसलिन. कापसाचे गोळे लावून दात वाळवले. बाटलीतला थेंब प्लास्टिकच्या डबीत काढला आणि लगेच वापरला. उघडा ठेवला तर त्यातला अमोनिया उडतो आणि औषध बिघडते. सूक्ष्म ब्रशचे टोक बुडवून, डबीच्या काठावर निथळून, प्रत्येक दाताच्या किडलेल्या भागावर एक मिनिट. मग जास्तीचे कापसाने टिपले. कडू, धातूसारखी चव येते हे आधीच सांगितले होते. हिरडीला किंवा कातडीला लागले तर तपकिरी डाग पडतो, तो आठवड्या-दोन आठवड्यांत जातो. कपड्यांवरचा आणि खुर्चीच्या रेग्झिनवरचा जात नाही.

सुई नाही, मशीन नाही, दहा-बारा मिनिटांत काम संपले. मुलीने पुढच्या वेळी स्वतःहून खुर्चीवर चढून दाखवले.

दाढ काढणे, आणि एक चुकलेली भेट

दुसऱ्या भेटीत पुढचे दात तपासले. तीन कडक, ६१ अजून थोडा मऊ. ५४, ७४ आणि ६१ ला औषध लावून झाल्यावर ८४ काढली. बधिर करायला लिग्नोकेन २ टक्के ॲड्रेनॅलिनसह, दीड मिलिलिटर. किलोमागे ४.४ मिलिग्रॅम या मर्यादेने या वजनाला कमाल साधारण ७५ मिलिग्रॅम, म्हणजे पावणेचार मिलिलिटरच्या आत राहायचे. लहान मुलात हा हिशेब सुई भरण्याआधी कागदावर करायचा असतो. घरी जाताना आजीला एकच गोष्ट तीनदा सांगितली: दोन-तीन तास ओठ बधिर राहील, चावू द्यायचा नाही. सुजलेला, चावून फाटलेला ओठ घेऊन दुसऱ्या दिवशी येणारी मुले दाढेच्या दुखण्यापेक्षा जास्त त्रासलेली असतात.

रिकाम्या जागेसाठी जागा राखणारी पट्टी बसवायची का, यावर दोन मते होऊ शकतात. ४६ उगवताना पहिली दुधाची दाढ गेली तर मागचे दात थोडे पुढे सरकतात, हे खरे. पण पट्टीचे सिमेंट सुटले आणि सहा महिने कोणी पाहिले नाही तर तिच्याखाली नवी कीड होते आणि सैल तार हिरडीत रुतते. परत येण्याची खात्री नसलेल्या मुलीत ती बसवली नाही. घरच्यांना सांगून, कागदावर तसे नोंदवून.

त्यानंतर दोन आठवडे कोणी आले नाही. सोयाबीन काढणीला आले होते. हे धरूनच आठ आठवड्यांत एक भेट मोकळी ठेवली होती.

कॅप: न कोरता

७५ आणि ८५ साठी हॉल पद्धत. स्कॉटलंडमधल्या दंतवैद्य नोर्ना हॉल दुधाच्या किडलेल्या दाढांवर कीड न काढता, सुई न देता, स्टीलच्या तयार कॅप सिमेंटने बसवत असत. त्यांच्या रुग्णांच्या नोंदींचा आढावा २००६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढे चाचण्यांतही ही पद्धत टिकली. कारण सरळ आहे. कीड हा बाहेरून मिळणाऱ्या साखरेवर जगणारा आजार आहे. खड्डा सर्व बाजूंनी बंद केला की आत कोंडलेल्या जंतूंची रसद तुटते आणि नस आतून नवे दंतिन रचत राहते. ‘सगळी कीड कोरून काढल्याशिवाय भरू नये’ हा जुना नियम आता नस जिवंत असलेल्या खोल खड्ड्यात पाळायचा नसतो; नसेजवळचे मऊ दंतिन मुद्दाम ठेवायचे असते. आठवडी बाजारात दाताला धुरी देऊन कापसावर कीड काढून दाखवणारे अजून बसतात. तसला किडा दातात नसतोच.

अट मात्र कडक. रात्रीचा ठणका, गळू, एक्स-रेत मुळाशी काळी सावली यांपैकी काहीही असेल, किंवा हृदयाच्या झडपेचा आजार असून हृदयाच्या आतल्या आवरणाला जंतुसंसर्गाचा धोका असेल, तर हॉल पद्धत नाही.

७५ आणि ७४ च्या फटीत रबरी कडी तीन ते पाच दिवस ठेवावी लागते, म्हणजे कॅप उतरायला जागा होते. इथे बाजाराचा दिवस आडवा आला. आठवडाभर ठेवली तर जागा झाल्यावर कडी निसटते आणि फट पुन्हा मिटते. हिरडीखाली सरकली तर आणखी वाईट, ती दाताभोवतीचे हाड खाते आणि एक्स-रेतही सहज दिसत नाही. म्हणून आजीला एक जादा फेरी मागितली: गुरुवारी कडी, सोमवारी कॅप. गुरुवारी किती कड्या घातल्या ते केसपेपरवर लिहिले: एक. ८५ ला कडी लागली नाही, कारण ८४ निघाल्याने पुढची बाजू मोकळी होती.

सोमवारी मुलीला आडवे न करता बसते केले. प्रत्येक कॅपला चिकटपट्टीचा तुकडा लावला, जिभेमागे गॉझ. कॅप निसटून श्वासनलिकेत जाणे हा या कामातला खरा धोका. सर्व उंचवटे झाकणारी आणि दाबल्यावर किंचित उसळी मारणारी सर्वात लहान कॅप निवडायची: इथे दोन्हीकडे ५ नंबर. मोठी घेतली तर मागची कड उगवणाऱ्या ४६ ला अडवते, ती दाढ कॅपखाली अडकून वाकडी राहते. कॅप ग्लास आयोनोमर सिमेंटने दोन तृतीयांश भरली, बोटाने बसवली, मुलीला कापसावर घट्ट चावायला लावले. सिमेंट घट्ट होण्याआधी बाहेर आलेले पुसले आणि फटीतून फ्लॉसचा दोरा काढून घेतला.

दोन्ही बाजूंची कॅप एकाच दिवशी बसवण्याचे कारण चावा. कॅपने चावा मिलिमीटर-दीड मिलिमीटर उंच होतो आणि काही आठवड्यांत आपोआप बसतो. एकाच बाजूला उंची आली तर मूल त्या बाजूने चावायचे टाळते. हिरडी पांढरी पडली ती थोड्या वेळात लाल झाली. ‘चांदीचे दात’ म्हणून शाळेत दाखवायला मुलीने घाई केली. काळ्या दातांबद्दल तिने एकदाही तक्रार केली नाही, आजीने केली.

खाचा बंद करणे

गुरुवारी, कडी घालण्याच्या भेटीत, ३६ आणि ४६ च्या खाचाही बंद केल्या. रेझिनचे सीलंट (खाचा बंद करणारा प्लास्टिकसारखा लेप) जास्त टिकते, पण त्याला दात पूर्ण कोरडा लागतो. मागचा अर्धा भाग हिरडीखाली असताना ते शक्य नाही, म्हणून जास्त घट्टपणाचे ग्लास आयोनोमर. १० टक्के पॉलिॲक्रिलिक आम्ल दहा-पंधरा सेकंद, धुणे, टिपणे. सिमेंटची बाटली सरळ उभी उलटी धरायची, हवेचा बुडबुडा असलेला पहिला थेंब टाकून द्यायचा, उत्पादकाने दिलेल्या चमच्यानेच भुकटी मोजायची. मिश्रण चमकते आहे तोवरच वापरायचे. चमक गेली की ते दाताला चिकटत नाही, नवे कालवावे. खाचांवर ठेवून व्हॅसलिन लावलेल्या हातमोज्याच्या बोटाने दहा-पंधरा सेकंद दाबले, जास्तीचे काढले, वरून पुन्हा व्हॅसलिन. एक तास काही खायचे नाही.

पाचव्या भेटीत, टोळी निघायच्या चार दिवस आधी, ५५, ६५ आणि ७४ चे खड्डे हाताच्या अवजारांनी साफ करून याच सिमेंटने भरले. खड्ड्याच्या कडा स्वच्छ आणि कडक होईपर्यंत, तळाला हात कमी. टांझानियात १९८० च्या दशकात, वीज नसलेल्या ठिकाणांसाठी हीच रीत बांधली गेली. शेवटी सर्व दातांवर ५ टक्के सोडियम फ्लोराइड व्हार्निश, ०.४ मिलिलिटर, ज्यात सुमारे ९ मिलिग्रॅम फ्लोराइड असते. तातडीच्या उपचाराची गरज पडू शकते ती मात्रा किलोमागे ५ मिलिग्रॅम, म्हणजे या मुलीला ८५. त्या रात्री ब्रश नाही, गरम चहा नाही.

कोपीवर नेण्याची पिशवी

मुलगी आईबापाबरोबर गेली. आधी आजीला शिकवलेले सगळे आता आईला आणि दहा वर्षांच्या भावाला शिकवायचे होते. पिशवीत मऊ ब्रश दोन, हजार पीपीएमची १०० ग्रॅमची ट्यूब एक. दिवसाला पाव-पाव ग्रॅम दोनदा म्हटले तर १०० ग्रॅम २०० दिवस पुरते, म्हणजे पूर्ण हंगाम. मात्र ती ट्यूब घरभर वापरली तर दिवाळीनंतर महिन्याभरात संपते, म्हणून तिच्यावर मुलीचे नाव लिहून दिले.

‘झोपण्यापूर्वी ब्रश’ ही सूचना कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या तात्पुरत्या खोपटात, चालत नाही. पहाटे तीन-चारला फडात जायचे असते, आई थकून आडवी होते, मूल आधीच झोपलेले. म्हणून सूचना बदलली: संध्याकाळची भाकरी झाली की लगेच. भावाने मागे बसून बहिणीचे डोके मांडीवर घ्यायचे आणि ब्रश फिरवायचा. उगवणाऱ्या दाढेवर ब्रश गालाच्या बाजूने आडवा घालायचा. फेस थुंकायचा, वर चूळ भरायची नाही. पाण्याने धुतले की फ्लोराइड निघून जाते. हे शेवटचे पटवायला वेळ लागतो, कारण खळखळून चूळ भरल्याशिवाय तोंड धुतल्यासारखे कोणालाच वाटत नाही.

ऊस खाऊ नको असे फडावरच्या मुलाला सांगण्यात अर्थ नाही. एवढेच सांगितले की दुपारच्या जेवणाला जोडून एकदाच खायचा, दिवसभर कांडके चघळत फिरायचे नाही. चहा आणि बिस्किट भाकरीबरोबर. मधल्या भुकेला फुटाणे, शेंगदाणे. रात्रीच्या दुधात साखर नाही.

एप्रिलमध्ये

पाडव्यानंतर मुलगी परत आली. ठणका, सूज नव्हती. पुढचे चारही दात काळे, चकाकणारे, कडक. ५१ हलू लागलेला. दोन्ही कॅप जागेवर, चावा बसलेला. ४६ पूर्ण वर आलेली, अडकलेली नव्हती. ८५ किंचित पुढे सरकलेली, अपेक्षेप्रमाणे. ३६ आणि ४६ च्या पुढच्या भागातले सिमेंट वरून झिजले होते, पण खाचांच्या तळाशी होते, आणि खाली कीड वाढलेली नव्हती.

दोन ठिकाणी काम फसले. ६४ ला औषध लावूनही कीड मऊच होती. दोन दाढांच्या फटीतला तो खड्डा अन्न धरून ठेवतो, ब्रश तिथे जात नाही, आणि जिथे थर रोज निघत नाही तिथे चांदीचे औषध एकटे टिकत नाही. ५४ मध्येही तसाच खड्डा होता, पण तो गालाकडे उघडा असल्याने साफ राहिला आणि कडक झाला. ६४ ला गोड लागले की क्षणभर कळ येत होती, थांबल्यावर जात होती. एक्स-रेत नस आणि कीड यांच्यात पट्टी शाबूत. त्यावर हॉल कॅप बसवली. दुसरे अपयश ६५ चे: सिमेंटचा अर्धा तुकडा निघालेला. पाचव्या भेटीत त्या दाढेवर लाळ आली होती, अशी केसपेपरवर नोंद होती. एप्रिलच्या उन्हात चाळीस अंशांच्या खोलीत सिमेंट लवकर घट्ट होते, म्हणून काचेची पाटी थंड पाण्याने गार करून, पुसून, मग कालवले आणि ६५ पुन्हा भरली.

ट्यूब तळाला आली होती. भावाने ब्रश केला होता, आठवड्यातले सगळे दिवस नाही, पण बहुतेक. ऊस दिवसभर चघळणे चालूच राहिले असे आईने सांगितले. रात्रीचे गोड दूध मात्र बंद झाले होते, कारण फडावर दूधच मिळत नव्हते.

५२, ६२ आणि ५४ वर, तसेच ७४ च्या सिमेंटच्या कडांवर औषध पुन्हा लावले, व्हार्निश दिले. ३६ आणि ४६ आता पूर्ण वर आल्या होत्या आणि कोरड्या ठेवता येत होत्या, म्हणून त्यांच्यावर रेझिनचे सीलंट केले. वर १६ आणि २६ ची टोके हिरडीतून दिसू लागली होती. त्या दाढांच्या खाचा दसऱ्याआधी बंद करायच्या आहेत. त्यासाठी ऑगस्टमधल्या बाजाराचे दोन दिवस केसपेपरवर लिहून दिले, आणि सोबत भावाच्या तपासणीचीही तारीख.